नाव पटावर आहे, पण त्या तासाला मुलासोबत कोण असतं?

तिसरीचा वर्ग. बाई फळ्यावर हातच्याची वजाबाकी घेतायत आणि मागच्या भिंतीला टेकून एक मुलगा फूटपट्टी डोळ्यासमोर धरून गोल गोल फिरवत बसलाय. सकाळी परिपाठाला तो होता, हजेरी लागली, दुपारी सगळ्यांबरोबर खिचडी खाईल, पाच वाजता आजी न्यायला येईल. कागदावर बघितलं तर सगळं व्यवस्थित आहे, पटावर नाव आहे, यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) विशेष गरजा असलेलं मूल म्हणून नोंद आहे, हजेरी तर वर्गातल्या बऱ्याच मुलांपेक्षा चांगली आहे. मी एकदा त्या वर्गात पूर्ण दिवस बसले आणि घड्याळ बघून मोजलं की शाळेतलं कुठलंही मोठं माणूस त्याच्याशी किती वेळ बोलतंय. अख्ख्या दिवसात चार मिनिटं भरली, आणि त्यातली दोन 'खाली बस', 'दे ती पट्टी इकडे' यातच गेली.

हे वाचून लगेच बाईंचा राग येईल, पण जरा थांबा. त्या खोलीत तिसरी आणि चौथी एकत्र बसते, दोन वर्गांचे मिळून चार-पाच विषय त्या एकट्या घेतात, मध्येच पोषण आहाराचा हिशोब, मध्येच कुठलीतरी ऑनलाइन माहिती आजच्या आज भरा म्हणून फोन. आणि त्यांच्या डीएडला स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला कसं शिकवायचं यावर जेमतेम एक प्रकरण होतं, ते पण पेपरपुरतं. मी एका तालुक्यात विशेष शिक्षिका म्हणून शाळा-शाळांत फिरते, त्या शाळेत माझी फेरी महिन्या-दीड महिन्यातून एकदा होते. म्हणजे ज्याला हे शिकवता येतं ते माणूस शाळेत नसतं आणि जे शाळेत असतं त्याला वेळ नसतो. मुख्य प्रवाहातल्या शाळेत या मुलांना घ्यायचं तर अडचणी काय येतात असं कोणी विचारलं की मला आधी हेच आठवतं, बाकीच्या बहुतेक अडचणी फिरून फिरून इथेच येतात.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. 'विशेष गरजा' म्हणजे फक्त मतिमंदत्व असं अजूनही पुष्कळ जण धरून चालतात (तो शब्द आता वापरत नाहीत, बौद्धिक अक्षमता म्हणतात). १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले, हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. यात अंधत्व, कमी दिसणं, ऐकू न येणं, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हातापायांवर ताबा नसणं) हे तर आहेच, शिवाय स्वमग्नता, वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता, बोलण्यातले दोष, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल असे रक्ताचे आजारही आहेत. आता विचार करा, सिकल सेल असलेल्या मुलीला रॅम्प नको असतो, तिला हवं असतं की अंग दुखून ती आठ दिवस आली नाही तर बुडालेला अभ्यास कोणीतरी भरून द्यावा. आणि स्वमग्न मुलाला ब्रेलचा काही उपयोग नाही. 'दिव्यांग विद्यार्थी' असा एकच रकाना भरून घेतला की या सगळ्यांची सोय एकसारखीच करायची असं वाटायला लागतं, घोळ तिथूनच सुरू होतो.

कायद्याने मुलाला काय मिळालंय ते पण थोडक्यात सांगते, कारण पालकांना हे कोणी नीट सांगतच नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. दिव्यांग कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी हे वय ६ ते १८ केलं, आणि शिक्षण मोफत, जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत ही निवड मुलाची म्हणजे घरच्यांची. शाळा सरकारी असो, अनुदानित असो नाहीतर नुसती सरकारमान्य खाजगी असो, दिव्यांग आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पहिलीच्या प्रवेशाला मुलाची मुलाखत, चाचणी असलं काही घ्यायला मनाई आहे, घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी शाळांमधल्या २५ टक्के राखीव जागांसाठीच्या वंचित घटकांत दिव्यांग मुलंही धरली गेली.

हे सगळं असूनही प्रवेशाच्या वेळी काय होतं? नाही कोणी म्हणत नाही. ऑफिसमध्ये बसवून चहा देतात आणि अगदी प्रेमाने सांगतात, 'आमच्याकडे सोय नाही हो, तुमच्याच मुलाचे हाल होतील, अमुक शाळेत बघा, तिथे छान लक्ष देतात.' आईबाप आधीच खचलेले असतात, उठून बाहेर येतात. कागदावर नकार कुठेच नसतो त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार. म्हणून मी पालकांना नेहमी सांगते, अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि जे काही सांगायचं ते शाळेला लेखीच द्यायला सांगा. लेखी मागितलं की निम्म्या ठिकाणी बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

पण प्रवेश मिळाला की खरी परीक्षा सुरू होते, आणि आपल्याकडे सगळी चर्चा प्रवेशावरच थांबते.

शिक्षण हक्क कायद्याचा हिशोब असा आहे की पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन माणसं, त्यातला एक मुख्याध्यापकाची कामं करणारा, मीटिंगला जाणारा. आता त्यात एक मूल असं आहे की त्याला प्रत्येक सूचना वेगळी सांगावी लागते, हात धरून गिरवून घ्यावं लागतं, पाच मिनिटं काम आणि दोन मिनिटं चालणं अशा तुकड्यांत शिकवावं लागतं. ही काही फार अवघड विद्या नाही, पण तिला वेळ लागतो, आणि रोज लागतो. त्याच वेळी बाकीच्या तीस मुलांचं काय? बाई वाईट असतात म्हणून मूल मागे बसत नाही, मूल मागे बसल्याशिवाय वर्ग पुढे सरकत नाही म्हणून बसतं.

यावर उपाय म्हणून विशेष शिक्षक. हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, ऑक्टोबर २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की विशेष शिक्षकांची पदं आणि मुलांमागे त्यांचं प्रमाण ठरवा, नंतर केंद्राने ते ठरवलं, प्राथमिकला १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्याच्या वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये कोर्टाला पुन्हा राज्यांना सांगावं लागलं की पदं जाहीर करा आणि भरा. आपल्या राज्याने २०२४ मध्ये समूह केंद्रांच्या पातळीवर (केंद्र म्हणजे जवळपासच्या काही शाळांचा गट) ४,८६० पदं मंजूर केली, हे चांगलंच झालं, आमच्यातल्या कित्येक जणांनी वर्षानुवर्षं कंत्राटावर काढली आहेत. पण गणित करून बघा, एका केंद्रात दहा-पंधरा शाळा सहज असतात. एक माणूस रोज एक शाळा करायची म्हणाला, तर प्रत्येक शाळेची पाळी दोन-अडीच आठवड्यांनी येणार. मूल तर शाळेत रोज येतं ना. सोमवारी मी शिकवलेलं मंगळवारपासून पुढचे पंधरा दिवस कोण घेणार? म्हणजे विशेष शिक्षक आला तरी वर्गशिक्षकाला सोबत घेतल्याशिवाय काही होत नाही, आणि विशेष शिक्षकाचं निम्मं काम मुलाला शिकवायचं नसून बाईंना दाखवायचं असतं, हे अजून पुष्कळ ठिकाणी कळलेलं नाही. मी गेले की वर्गशिक्षक म्हणतात, 'आलात का, घ्या तुमच्या मुलांना.' तुमच्या मुलांना! मग मी त्या दोघा-तिघांना घेऊन व्हरांड्यात बसते आणि वर्ग आत चालू राहतो. मलाही तेच सोपं पडतं म्हणून कित्येक वर्षं मीही तेच केलं. आता शक्यतो वर्गातच बसते, बाईंच्याच धड्यावर, त्यांना दिसेल असं.

शहरात याला पैशाचं उत्तर आहे, शॅडो टीचर. मुलासोबत वर्गात बसणारी बाई, तिचा पगार बहुतेक वेळा आईवडीलच देतात, शाळेची फी वेगळी, संध्याकाळची स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या हालचाली-कामं शिकवणारी) वेगळी. ज्यांना हे परवडतं त्यांचं मूल वर्गात टिकतं. खेड्यात शॅडो टीचरचं काम आई नाहीतर आजी करते, बिनपगारी, मजुरी बुडवून.

आता मुलामुलांत अडचण कशी बदलते ते बघू, कारण लोक सगळ्याला 'लक्ष देत नाही', 'हट्टी आहे' याच दोन शब्दांत गुंडाळतात.

स्वमग्न मुलाला पुष्कळदा आवाजाचा त्रास असतो. आपल्या शाळेतले आवाज आठवा, लोखंडी पट्टीवर वाजणारी घंटा, परिपाठाचा माईक, पंधरा ऑगस्टच्या आधी पंधरा दिवस चालणारी लेझीम, पोषण आहाराच्या वेळी ताटांचा खणखणाट. आपल्याला तो शाळेचा नेहमीचा आवाज, त्याच्यासाठी तो अंगावर येणारा मार असतो. तो कानावर हात ठेवतो, ओरडतो, पळतो, कधी शेजारच्याला ढकलतो, आणि नाव पडतं 'मारकुटा'. शिवाय दिवसाचा क्रम बदलला की तो बिथरतो. आज गणिताच्या तासाला अचानक डॉक्टर तपासायला आले हे आपल्याला काहीच वाटत नाही, त्याच्या दृष्टीने जमीनच हललेली असते. आधी सांगितलं तर निम्मा त्रास वाचतो. भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक लावा, घंटा, पाटी, ताट, मैदान, घर अशी पाच चित्रं, एक झालं की एक उलटं करायचं. खर्च शून्य.

अध्ययन अक्षमतेचं मूल तर ओळखूच येत नाही. ते छान बोलतं, खेळात पुढे असतं, आणि पहिली-दुसरीत धडा पाठ करून टाकतं त्यामुळे 'वाचतं' असंच वाटतं. बोट ठेवून वाचायला सांगा, बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर असतं. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांची अदलाबदल सगळीच मुलं सुरुवातीला करतात, पण तिसरी-चौथीत गेल्यावरही ती तशीच राहिली तर विचार करायला हवा. गणितात तर आपली भाषाच आडवी येते. त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, मूल ऐकलं तसं लिहितं, ३५. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतं पण लिहायचे ५९. साधी मुलंही इथे अडखळतात, या मुलांचा तर पार गुंता होतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर आठ' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टिंगल झाली. मी तेव्हा माझ्या मुलांना त्याच पद्धतीने शिकवत होते आणि त्यांना ती कळत होती. टिंगल करणाऱ्यांनी एकदा अशा मुलाशेजारी बसून त्रेपन्न लिहून घ्यायला हवं होतं, एवढंच मला वाटतं.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवलं की शिक्षकांना वाटतं झालं. पण बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की त्याचा तास बंद. त्याला ओठ दिसायला हवेत, उजेड बाईंच्या तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो. कानाला मशीन असेल तर पंख्याचा आवाज, बाक ओढल्याचा आवाज सगळं मोठं होऊन कानात जातं. आणि मशीनचा सेल संपला तर घरी सांगायचं कोणी, नवा आणायचा कुठून, तालुक्याला जाईपर्यंत आठ दिवस मूल बहिरंच. जी मुलं खुणांच्याच भाषेत वाढली आहेत त्यांच्यासाठी तर सामान्य शाळेत बोलायलाच कोणी नसतं, तीस मुलांत ते एकटंच.

आणि आता बाथरूम. हा विषय कोणी मीटिंगमध्ये काढत नाही म्हणून मी मुद्दाम इथे जास्त लिहितेय. सेरेब्रल पाल्सी असलेली पाचवीतली एक मुलगी, हुशार, कविता तोंडपाठ, सकाळपासून पाणीच पीत नाही. मी विचारलं तर आधी हसली, मग आईने सांगितलं, शाळेत लघवीला जायला लागू नये म्हणून घरून निघायच्या आधीपासून पाणी बंद. उन्हाळ्यात सुद्धा. शाळेत दिव्यांगांसाठीचं शौचालय बांधलेलं आहे, त्यात जुनी बाकं आणि खराट्यांचा ढीग आहे, कुलूप आहे, किल्ली कोणाकडे असते ते मुलांना माहीत नाही. दार उघडलं तरी तिला उठवून बसवणार कोण? शाळेत बाई एकच, त्या वर्ग सोडून दहा मिनिटं जाऊ शकत नाहीत, सरांना नेता येत नाही. पुढे ती मोठी होईल, पाळी येईल. अशा मुली सहावी-सातवीत शाळा सोडतात तेव्हा रजिस्टरवर 'सततची गैरहजेरी' लिहिलं जातं, मूळ कारण असतं ते कुलूप.

रॅम्पची गोष्ट अशीच. नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी. व्हरांडा दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा, दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. बऱ्याच शाळांत सहा-सात फुटांत उतार बसवलेला दिसतो, म्हणजे घसरगुंडीच. व्हीलचेअर त्यावरून एकट्याने चढत नाही आणि उतरताना सुटते. फोटो काढला की काम पूर्ण. रॅम्प बांधणाऱ्याने एकदा स्वतः व्हीलचेअरवर बसून वर जाऊन दाखवायचं अशी अट घातली पाहिजे, मी हे मनापासून म्हणतेय.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे असं मला वाटतं. बाकीच्यांना वाट वेगळी लागते, पोचायचं ठिकाण बहुतेक तेच असतं. इथे ठिकाणच वेगळं ठरवावं लागतं. मूल सातवीत बसतं, त्याची समज दुसरीची, आणि फळ्यावर समीकरणं. त्याला सातवीत बसू द्यायचं कारण त्याच्या वयाची मुलं तिथे आहेत, मैत्री तिथे आहे, आणि हे बरोबरच आहे. पण तिथे त्याने शिकायचं काय? यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायचा असतो, त्या मुलापुरता छोटा अभ्यासक्रम. वर्ग समीकरणं सोडवतोय तेव्हा हा दहा-दहाच्या नोटा मोजेल, वर्ग इतिहास वाचतोय तेव्हा हा गावाच्या बसच्या पाट्या वाचेल. आराखडे होतात, फाइलला लागतात. मी स्वतः एका वर्षी मार्चमध्ये एका दिवसात अकरा आराखडे लिहिले आहेत कारण तपासणी होती. मुलाचं नाव बदललं तर आत काही फरक नव्हता. त्याची मला अजून लाज वाटते.

सर्टिफिकेटचा वेगळाच घोळ. योजना, परीक्षेतल्या सवलती, राखीव जागा, सगळ्याला दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) लागतं, त्यावर बहुतेक ठिकाणी ४० टक्के हवेत. वाडीवरून जिल्ह्याच्या हॉस्पिटलला जायचं, ठरलेल्या दिवशीच जायचं, त्या दिवशी डॉक्टर असतीलच असं नाही, परत जायचं, दर खेपेला दोन माणसांची मजुरी गेली आणि मूल दिवसभर रांगेत. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, तोवर मूल तिसरीत पोचून 'ढ' ठरलेलं असतं. मुंबईत सायनसारख्या मोठ्या पालिका हॉस्पिटलांत त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे, पण तालुक्यातल्या पालकाला ते नाव ऐकूनही माहीत नसतं. आणि ज्याला ३५ टक्के मिळाले त्याचं काय? अडचण तर त्यालाही आहे. काही पालक तर प्रमाणपत्र नकोच म्हणतात, विशेषतः मुलीचं असेल तर. 'कागदावर शिक्का बसला की उद्या लग्न कसं होणार बाई?' असं एक वडील माझ्यासमोर रडले होते. त्यांना मी काय उत्तर द्यायचं? मी एवढंच म्हटलं की कागद घरात ठेवा, पण दहावीला लागेल, आत्ता काढून ठेवा.

दहावीला खरंच लागतो. तासाला वीस मिनिटं जादा, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका न धरणं, अध्ययन अक्षमता असेल तर बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित अशा सवलती बोर्डात आहेत. यामुळे किती मुलं कॉलेजपर्यंत गेली ते मी बघितलंय. पण लेखनिक शोधायचा पालकांनीच, तो खालच्या इयत्तेचा हवा, आणि मार्चमध्ये त्याचीही परीक्षा असते, त्याचे आईवडील पाठवत नाहीत. शिवाय ज्याने कधी कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही तो बोर्डाच्या पेपरला ते पहिल्यांदा करतो. सांगून लिहून घेणं ही पण शिकायची गोष्ट आहे, आठवीपासून सराव द्यायला लागतो.

पैसे येतात का? येतात. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेत दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, त्यात साहित्य, उपकरणं, प्रवास, मदतनीस भत्ता असं बसवायचं, मुलींना महिन्याला २०० रुपये दहा महिने वेगळे. वर्षाचे ३,५०० म्हणजे शाळेच्या एका दिवसाला सोळा-सतरा रुपये पडतात. त्यात रिक्षा येत नाही, माणूस तर लांबच.

इतर पालकांबद्दलही बोलायला हवं, कारण त्यांना सरसकट दुष्ट ठरवणं सोपं आहे. 'त्याच्यामुळे आमच्या पोरांचा अभ्यास होत नाही' असं एखादी आई म्हणते तेव्हा ती कधी कधी खरं सांगत असते, एक मूल तासात सहा वेळा ओरडलं आणि सांभाळायला कोणी नसेल तर तास बुडतोच. तिची तक्रार त्या मुलाविरुद्ध होते, ती व्हायला हवी वर्गात दुसरं माणूस का नाही याविरुद्ध. सभेत मी हेच मांडते, आणि बरेच पालक ऐकतात. मुलं तर मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, कोणी शिकवलं तर. त्याला हात लावलेला आवडत नाही, तो रागावला की गर्दी करू नका, त्याला बोलायला वेळ लागतो तोवर थांबा, एवढं पहिल्या आठवड्यात सांगितलं की पुढचं ती आपली आपण सांभाळतात. न सांगता सोडलं तर वेडा म्हणून चिडवतात.

मग या मुलांसाठी विशेष शाळाच बरी नाही का? हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. मुंबईची जय वकील १९४४ ची, पुण्याची कामायनी १९६४ ची, अशा संस्थांनी काम उभं केलं तेव्हा या मुलांना कुठेच दार नव्हतं. आजही ज्या मुलाला दिवसभर थेरपी आणि सततची काळजी लागते त्याला तिथे जे मिळतं ते माझ्या तालुक्यातली कुठलीच शाळा देऊ शकत नाही, आणि ते कबूल करण्यात कमीपणा नाही. पण अशा शाळा बहुतेक शहरांत, खेड्यातल्या मुलाने जायचं म्हणजे वसतिगृहात, सहा वर्षांच्या मुलाने आईपासून लांब. आणि परत आल्यावर गावात त्याला ओळखणारं त्याच्या वयाचं कोणी नसतं. माझं मत असं की जवळची शाळा हा पहिला पर्याय, पण मदतीसकट. मदत न देता नुसतं वर्गात बसवून त्याला समावेश म्हणणार असाल तर विशेष शाळेत पाठवणाऱ्या आईला नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. यात सरकारी घोळ पण आहे, आपल्या राज्यात सामान्य शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, त्यामुळे विशेष शाळेतल्या अनुभवी शिक्षकाने शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत आठवड्यातून एक दिवस यावं इतकी साधी गोष्ट जमवायला किती कागद फिरवावे लागतात ते मी बघितलंय. फार गंभीर अवस्थेतल्या मुलांना घरी शिकवायची सोय पण कायद्यात आहे, ती गरजेची आहे, पण तिचा उपयोग पुष्कळदा 'घरीच राहू दे' म्हणायला होतो, आणि मग घरी जातं कोण, तर पुन्हा आम्हीच, महिन्यातून एकदा.

सुरुवातीच्या त्या फूटपट्टीवाल्या मुलाचं सांगते. मी बाईंना माझ्या त्या चार मिनिटांबद्दल सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, गप्प झाल्या. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं की दिवसात तीन वेळा पाच-पाच मिनिटं, चौथीची मुलं पाढे म्हणतात तेव्हा, शुद्धलेखन चालू असतं तेव्हा आणि जेवणानंतर. त्याची जागा भिंतीवरून दुसऱ्या बाकावर, दोन मुलींच्या शेजारी, ज्या त्याला पानं उघडून देतात. फूटपट्टी काढून घेतली नाही, तिच्यावरच एक ते तीस आकडे शिकवले, त्याला ते आवडले. वर्षाच्या शेवटी तो दोन अंकी बेरीज करायला लागला, बिनहातच्याची. वजाबाकी अजून नाही. बोलतो अजून कमीच, पण खिचडी वाढणाऱ्या मावशींना 'अजून' म्हणतो.

मग मे महिन्यात बाईंची बदली झाली. मला वाटलं, संपलं, पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये शाळेत गेले तर नवे सर होते, नुकतेच लागलेले. त्यांनी कपाटाचं दार उघडून दाखवलं, आतल्या बाजूला बाईंनी वहीच्या पानावर निळ्या पेनने लिहून चिकटवलेलं होतं, त्याला काय आवडतं, कशाने चिडतो, कुठपर्यंत आलाय, शेजारी कोणाला बसवायचं, आजीचा फोन नंबर. सगळ्यात खाली दोन वेळा अधोरेखित केलेलं होतं, घंटा द्यायच्या आधी त्याच्याकडे बघा आणि त्याला सांगा.